सरकारी पाहणीला दार उघडायचं की नाही? नाशिककरांनो, बोला

चष्मेवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. नाशिक शहरात आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांत घरोघरी जाऊन मी सरकारी पाहण्यांची माहिती गोळा करते. काम कंत्राटी. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. कधी रोजगाराची पाहणी असते, कधी कुटुंबाच्या खर्चाची.

इथे मध्यंतरी कुणीतरी लिहिलं होतं की बेरोजगारीचे आकडे दिल्लीत एसीत बसून बनवतात. तसं असतं तर मला सुरगाण्याच्या एसटीत उभ्याने जावं लागलं नसतं. असो, चिडून काही होत नाही, म्हणून प्रत्यक्ष काय चालतं ते लिहिते.

पेठ, सुरगाण्याकडे पाड्यावर गेलं की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग "कशाचं हाये?" म्हणून विचारतात. मालेगावात एका घरी बसलं की शेजारच्या चौघी जमतात आणि जिला विचारलं तिच्या आधी त्याच उत्तरं देतात. अडतं ते आपल्या शहरात. गंगापूर रोडच्या बाजूची एक मोठी सोसायटी. वॉचमनने इंटरकॉम लावला, वरून "नको म्हणावं" आलं. सेक्रेटरींना भेटा. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. कमिटी कधी बसली ते देव जाणे.

आता यातली मेख. घरं मी निवडत नाही. आधी त्या ब्लॉकमधल्या, म्हणजे ठरवून दिलेल्या वस्तीच्या तुकड्यातल्या, सगळ्या घरांची यादी होते, मग ठरलेल्या पद्धतीने काही घरं निघतात. निवडलेलं घर मिळालं नाही तर बदली घर घेता येतं, पण कारण नोंदवावं लागतं: माहिती देणारा कामात, घरचे बाहेरगावी, सहकार्य नाही, किंवा इतर. अशा सोसायट्यांत माझा तिसरा कोड झिजतो. आणि बदली म्हणून कोणतं घर हाती लागतं? जे दार उघडतं ते. म्हणजे जिथे दुपारी कुणीतरी घरी असतं ते. टॅब कितीही भारी असू दे, आकडा तिथेच वाकतो.

तर प्रश्न सरळ आहे. तुमच्या दारात असं कुणी आलं तर तुम्ही काय करता? खरं सांगा, मी नाव लिहून घेणार नाही.

जेलरोडचा_पिंट्या

खरं सांगू का ताई, मी उघडत नाही. आमच्या चुलत्यांना 'सरकारी कार्यालयातून बोलतोय' असा फोन आला आणि पेन्शनच्या खात्यातले पैसे गेले. त्यात ते डिजिटल अरेस्टवालेही गळ्यात ओळखपत्र घालूनच व्हिडिओवर येतात. तुमचं ओळखपत्र खरं आहे हे मी कसं ओळखायचं? आणि पाहणीत गाडी कितीची आहे विचारतात, ते सरकारला कशाला हवं? आरटीओत नोंद आहेच की.

मिसळ_तर्री_वेगळी

+१ पिंट्या. गाडीचं विचारलं की लगेच इन्कम टॅक्स डोळ्यासमोर येतो भो.

चष्मेवाली

गाडीचं सांगते, हा प्रश्न हमखास येतो. खर्चाच्या पाहणीत, म्हणजे २०२२-२३ ला झाली त्यात, शहरातली घरं निवडण्याआधी त्यांचे तीन गट पाडायचे होते: दहा लाखांवरच्या मोटारीवाले, त्याखालच्या मोटारीवाले आणि मोटार नसलेले. खेड्यात हाच गट जमिनीवरून. धंद्याची गाडी यात धरत नाहीत. गट नाही पाडले तर श्रीमंत घरं नमुन्यात चुकूनमाकून येतात आणि सगळा खर्च खालीच दिसतो. मला तुमच्या गाडीशी काही घेणंदेणं नाही, तुम्ही कोणत्या गटात बसता तेवढं हवं असतं.

खर्चाच्या त्या पाहणीत एकाच घरी महिन्याच्या अंतराने तीनदा जायचं असतं. एकदा खाण्यापिण्याचं, एकदा रोजच्या वापराच्या वस्तू नि सेवा, एकदा टिकाऊ वस्तू. चारशेच्या वर बाबी. पूर्वी सगळं एका बैठकीत विचारायचे आणि शेवटी माणूस काहीही सांगून मोकळा व्हायचा, म्हणून तोडलं. चांगलंच केलं. पण आता तिसऱ्या वेळी "तुम्ही परत?" असं ऐकावं लागतं.

आकडेमोडे_निवृत्त

धागा वाचून राहवलं नाही. मी सांख्यिकी खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे टॅबचं ज्ञान शून्य. आम्ही कार्बन लावून अनुसूची, म्हणजे प्रश्नांचे छापील फॉर्म, भरायचो.

ज्यांना वाटतं की नमुना पाहणी म्हणजे हवेतल्या गप्पा, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने. तेव्हा देश नुकता स्वतंत्र झालेला, लोक काय खातात, किती कमावतात याची धड माहिती नाही. महालनोबिस यांची एक युक्ती मला आजही आवडते. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने काढायचे, दोन वेगळ्या पथकांनी पाहणी करायची आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. जुळली तर ठीक, नाहीतर कुठेतरी पाणी मुरतंय. केंद्राचा नमुना वेगळा आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा वेगळा, ही सोयही त्याच घराण्यातली.

दुसरा माणूस आपल्याकडचा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे. तेही संख्याशास्त्रज्ञ. पीक कापणी प्रयोगावरून, म्हणजे शेतातला एक तुकडा आखून कापायचा आणि त्यावरून पिकाचं उत्पन्न काढायचं यावरून, त्यांचा आणि महालनोबिस यांचा वाद झाला होता. कापणीसाठी शेतात किती मोठा तुकडा आखायचा? तुकडा लहान असला तर काम झटपट होतं. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उतारा जास्त दिसतो, कारण कडेवरची झाडं आखणारा माणूस नकळत आत धरतो. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड मोठी. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले.

हे सांगायचं कारण असं की चूक दोन जातीची असते. नमुना लहान म्हणून होणारी चूक नमुना वाढवला की कमी होते. कडेवरची झाडं आत धरण्याची चूक लाख शेतं कापली तरी तशीच राहते. चष्मेवाली ताई सांगतायत ती सोसायटीची गोष्ट या दुसऱ्या जातीची. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण तळाला करपलेला असला तर वरचं शीत काय सांगणार?

बिनपाण्याने

काका, पद्धत उत्तमच आहे हो. आकडा आल्यावर तो बाहेर येतो का, हा माझा मुद्दा आहे. २०१७-१८ ची खर्चाची पाहणी झाली, लोकांनी तासन्‌तास बसून उत्तरं दिली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात 'माहितीचा दर्जा नीट नाही' म्हणून ती प्रसिद्धच करायची नाही असं सरकारने ठरवलं. त्याच २०१७-१८ चा रोजगाराचा अहवाल आधी वर्तमानपत्रात फुटला आणि अधिकृतपणे आला तो निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे २०१९ ला. त्यात बेरोजगारी ६.१ टक्के. जनगणना २०२१ ची, ती गेली २०२७ वर. मग दार उघडून माझा काय फायदा? मी सांगायचं आणि तुम्ही कपाटात ठेवायचं?

सोसायटीवाले आडमुठे आहेत हे मान्य. पण विश्वास एकाच बाजूने मागता येत नाही.

आकडेमोडे_निवृत्त

बिनपाण्याने यांच्याशी मी सहमत आहे. तो अहवाल न आल्याचं नुकसान फार लांबपर्यंत गेलं. महागाईचा जो निर्देशांक २०१२ आधारवर्षाचा, त्यातल्या वस्तूंचं वजन, म्हणजे एकूण खर्चात कुठल्या वस्तूचा हिस्सा किती धरायचा ते, २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवरून ठरलं होतं. त्यात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन जवळपास ४६ टक्के. मधल्या काळात लोकांचं खाणंपिणं, मोबाइल, शिकवण्या, सगळं बदललं, पण नवी विश्वासार्ह पाहणी हाती नसल्याने निर्देशांकातल्या वस्तूंची टोपली जुनीच राहिली. दर्जाबद्दल शंका होती तर ती शंका नमूद करून आकडे द्यायचे होते. संख्याशास्त्रात त्याला जागा आहे.

द्राक्षबाग_निफाड

टोपलीचं निघालंच आहे तर कांद्याचं बोलू द्या. लासलगावला भाव पडला की आम्ही रडतो आणि चढला की टीव्हीवाले रडतात. त्या २०१२ च्या निर्देशांकात कांद्याचं वजन किती माहितीय? ०.६४. एक टक्कासुद्धा नाही! पण भाव तिप्पट झाला की तेवढ्याने पण निर्देशांक हलतो आणि लगेच निर्यातीवर कुऱ्हाड. निर्देशांकात किरकोळ दुकानातला भाव असतो, बाजार समितीतला नाही. माझ्या हातात काय पडलं ते त्यात कुठेच नाही.

आणि ई-पीक पाहणी. २०२१ पासून आम्हीच ॲपवर पिकाचा फोटो काढून पेरा नोंदवायचा. कल्पना चांगली आहे, पूर्वी तलाठी तात्या चावडीत बसून पेरा लिहायचे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बांधावर रेंज नसते, म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे तसला फोन नसतो. मग एक पोरगा दहा जणांचे फोटो काढून देतो. पैसेवारी, म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा सरकारी आकडा, पन्नासच्या वर लागली की खाली याच्यावर आमचं पोट, म्हणून लिहितोय.

आमच्या घरी एक ताई आल्या होत्या पाहणीला, तुम्हीच होतात का माहीत नाही. पहिलाच प्रश्न, कुटुंबात किती माणसं? आता काय सांगू. रेशनकार्ड एक, चुली तीन, सातबारा आजोबांच्या नावावर.

चष्मेवाली

दादा, मी नसेन कदाचित, पण तुमचं उत्तर तयार आहे: तीन कुटुंबं. पाहणीत चूल बघतात. एकत्र राहून एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब. रेशनकार्ड आणि सातबाऱ्याला विचारत नाही. यावर घराघरांत वादावादी होते, "आम्ही वेगळे नाही हो, फक्त गॅस वेगळा" असंही ऐकलंय. सासूबाई समोर असल्या तर हा प्रश्न हळूच विचारावा लागतो.

तुमच्या निफाडकडचंच एक सांगते. रोजगाराची पाहणी. घरातल्या बाईंना विचारलं, तुम्ही काय काम करता? नवरा म्हणाला, "ती काय नाय करत, घरीच असती." त्याही म्हणाल्या, "घरीच की." हे तसंच टिपलं तर कोड ९२, म्हणजे फक्त घरकाम. त्या बोलत होत्या तेव्हा हातात द्राक्षांची विरळणी करायची कात्री होती. मग मी उलटं विचारलं, काल सकाळपासून काय काय केलं? पहाटे दोन गायींची धार. दूध डेअरीत. नऊ ते बारा बागेत विरळणी. जेवण. पुन्हा बाग. संध्याकाळी धार. आता कोड २१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. नवरा म्हणाला, "हे काम धरता व्हय तुम्ही?"

एक कोड बदलला की ती बाई श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांच्या, बाहेरून आत येते. २०१७-१८ ला पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ ला ४१.७. एवढी वाढ बघून काही जण टाळ्या वाजवतात, काही जण खोटं म्हणतात. मला दारात उभं राहून वाटतं की बायका शेतात आधीपासूनच होत्या. काही वाढ खरीच झाली असेल, काही आमच्या नेटाने विचारण्याची असेल. ती किती आणि ही किती, हे एकट्या या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. आणि वाढलेल्यांत स्वतःच्या शेतात, घरच्या धंद्यात राबणाऱ्या खूप आहेत, पगार हातात पडणाऱ्या कमी, हेही त्याच अहवालात आहे. ते मात्र कुणी वाचत नाही.

गोदाघाटची_आत्या

वाचून अंगावर काटा आला गं. जन्मभर आम्हीही "काही करत नाही"च सांगितलं.

प्रमाणविचलन

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकतोय, मूळचा सिडकोचा. थोडी तांत्रिक भर.

जानेवारी २०२५ पासून रोजगाराच्या पाहणीची रचना बदलली. आधी महिन्याचे आकडे नव्हते, आता दर महिन्याला येतात. पहिला एप्रिल २०२५ चा होता, ५.१ टक्के, आणि मे महिन्याचा ५.६. लगेच चॅनेलवर 'बेरोजगारी भडकली'. एका महिन्यात अर्धा टक्का हलणं यात हंगाम असतो, नमुन्याची चूकही असते. रब्बीची कामं संपून खरिपाला अवकाश असतो तेव्हा खेड्यात काम कमीच. हंगामाचा परिणाम वेगळा काढायला काही वर्षांची मालिका लागते, ती अजून जमायची आहे. तोवर एप्रिलची तुलना पुढच्या एप्रिलशी करावी, मेशी नाही.

आणि हे महिन्याचे आकडे 'चालू साप्ताहिक स्थिती'चे: गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं तरी तो रोजगारात. लोक यावर हसतात. पण ही व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, आणि ती बेरोजगारी मोजायला आहे, सुख मोजायला नाही. कामाची प्रत कळण्यासाठी कामाचे तास, मजुरी, करार आहे का, हे तक्ते त्याच अहवालात पाहावे लागतात.

दुसरा बदल आपल्यासाठी महत्त्वाचा. आता नमुना काढताना जिल्हा हा पायाभूत घटक आहे. आधी नाशिक हा धुळे, जळगाव, नंदुरबारबरोबर एका विभागात मोडायचा. त्यामुळे 'नाशिकची बेरोजगारी किती' याला उत्तर नव्हतं. आता येईल का? येईल, पण बेतानेच घ्या. समजा जिल्ह्यातून ४०० माणसांची माहिती आली आणि बेरोजगारी १० टक्के निघाली. शेजारशेजारची घरं एकसारखी असतात, ते धरून चूक काढली तर खरा आकडा साधारण ६ ते १४ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. पालकमंत्र्यांच्या भाषणाला एवढं चालतं, योजनेला चालत नाही. म्हणून लहान क्षेत्राचे अंदाज ही शाखा आहे: पाहणीच्या तुटपुंज्या माहितीला जनगणना, वीजजोडण्या, उपग्रहाची छायाचित्रं यांची जोड देऊन प्रारूप बसवायचं. १९७९ ची फे आणि हेरियट यांची पद्धत अजून वापरात आहे.

बिनपाण्याने

आणि त्या जोडीतली जनगणना २०११ ची! तेव्हा नाशिक महापालिकेत १४ लाख ८६ हजार लोक होते. त्यानंतर पाथर्डी फाट्याकडे काय उभं राहिलंय ते बघा की.

प्रमाणविचलन

अगदी. शहरातल्या ब्लॉकचे नकाशे अधूनमधून नवे होतात, पण गावांची यादी आणि लोकसंख्येचे अंदाज २०११ वरच टेकलेले आहेत. मूळ यादीच जुनी असेल तर नव्या वस्तीतलं घर निवडलं जायची शक्यता कमी, आणि हे चष्मेवाली ताईंच्या 'सहकार्य नाही' कोडातही दिसत नाही. ते घर नकार द्यायलाही यादीत नाही.

द्राक्षबाग_निफाड

जनगणनेचं ऐका आता. लोकांची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला, १ मार्चचा मुहूर्त. बरोबर आमच्या काढणीत! पेठ, सुरगाण्याची कितीतरी माणसं तेव्हा निफाड, दिंडोरीत मजुरीला असतात. शेडमध्ये, बागेच्या कडेला झोपड्यात. ती कुठे मोजणार?

आकडेमोडे_निवृत्त

मोजणीचा काळ २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी होता. त्या काळात माणूस एखादा दिवस जरी आपल्या नेहमीच्या घरी असला तर तिथे मोजतात. सबंध काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. म्हणजे तुमच्या शेडमध्ये मुक्कामी असलेलं जोडपं, मधे बाजाराला गावी जाऊन आलं तर पाड्यावर. नाही गेलं तर निफाडमध्ये. बेघरांची मोजणी शेवटच्या रात्री. नियम स्वच्छ आहे. अडचण प्रगणकाची. तो बहुधा शिक्षक असतो, त्याला बागेतल्या शेडपर्यंत कोण नेणार? तुमच्यासारख्या बागायतदारांनी "इथे कुणी राहत नाही" म्हटलं की संपलं. मजुरांची नोंद नको म्हणून तसं म्हणणारे असतात, हे मी लिहिलं नाही तरी तुम्हाला माहीत आहे.

द्राक्षबाग_निफाड

माहीत आहे काका. गपचूप वाचतोय.

मिसळ_तर्री_वेगळी

या वेळी म्हणे आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय आहे. मग सोसायटीचा प्रश्न सुटला ना? वॉचमनच मधे नाही.

चष्मेवाली

जनगणनेपुरता काही अंशी सुटेल. सगळ्यांनाच मोजायचं असल्याने न भरणाऱ्याकडे प्रगणक जाणारच. पण खर्चाच्या पाहणीत "दही किती, त्यातलं घरी विरजलेलं किती" हे कुणी आपणहून भरेल असं वाटत नाही. तिथे विचारणारा माणूसच लागतो. आठवणीचा पण खेळ असतो. किती दिवसांचं विचारायचं, सात की तीस? १९९९-२००० ला दोन्ही शेजारशेजारच्या रकान्यांत विचारलं, लोकांनी एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून सांगितलं, आणि गरिबी ३६ वरून २६ टक्क्यांवर आली ती खरी की रकान्यांची, यावर अर्थतज्ज्ञ कितीतरी वर्षं भांडत बसले.

टॅबमुळे एक नक्की झालं. वय नऊ आणि मुलं दोन असलं काही चुकून पडलं तर तिथल्या तिथे लाल होतं. घरी बसून फॉर्म भरणाऱ्यांचं पण अवघड झालंय, मुलाखत किती वाजता सुरू झाली, कधी संपली सगळं नोंदलं जातं. मला त्याचा राग नाही. राग याचा येतो की लाल होण्याचं सगळं शास्त्र आमच्यासाठी आहे, गेटवर अडवलं त्याचा लाल दिवा कुठेच लागत नाही. प्रत्येक अहवालात उत्पन्नाच्या कुठल्या थरातून किती नकार आले ते ठळक छापा, मग वाचणारा ठरवेल.

सोसायटीचा_सेक्रेटरी

मी गंगापूर रोडचाच. तुमची ती सोसायटी आमची नसावी अशी आशा करतो. आमच्याकडे दिवसाला दहा जण येतात, वॉटर प्युरिफायर, विमा, देणगी. वॉचमनला 'सरकारी' आणि 'सरकारी म्हणवणारा' यातला फरक कळावा अशी अपेक्षा चूक आहे. पत्र आधी आलं तर मी नोटीस बोर्डावर लावेन, पण लोकांना दार उघडायला लावणं माझ्या हातात नाही. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा चौथ्याला दार उघडत नाही.

खात्री कशी करायची ते सांगा. आणि रविवारी याल का?

चष्मेवाली

रविवारी येते, सकाळी अकरानंतर, आधी कळवून. खात्रीसाठी: ओळखपत्राचा फोटो काढा, ज्या कार्यालयाचं पत्र असेल त्याचा नंबर पत्रावरून न घेता केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून शोधून फोन करा, मी खाली गेटवर थांबते. ओटीपी, बँक खाते क्रमांक, पासवर्ड यातलं काहीही आम्ही विचारत नाही. विचारलं तर तो माणूस आमचा नाही, हाकला. माहिती सांख्यिकी संकलन कायद्याखाली फक्त आकडेवारीसाठी वापरायची असते. जनगणनेची तर कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही, १९४८ च्या कायद्यातच तसं आहे.

पिंट्या, तुला पण हेच उत्तर.

जेलरोडचा_पिंट्या

बरं. फोन करून खात्री करेन मग उघडेन. गाडीची किंमत मात्र नवी असतानाची सांगू की आत्ताची? आत्ता कुणी दोन लाखपण देणार नाही.

चष्मेवाली

ते सूचनापुस्तकात बघून सांगते, अंदाजावर नको.